कप्तानाची खोली

मी तापट आहे, हे आधीच सांगून ठेवते. उगाच कुणी मला समजूतदार समजायला नको. समजूतदारपणा मी आयुष्यात एकदाच केला आणि त्यापायी माझा मित्र हातचा जायची वेळ आली.

आम्ही तिघं. मी कल्याणी, उत्तरेश्वर आणि रविराज. मी आणि उत्तरेश्वर खडकीच्या फॅक्टरी क्वार्टर्समधले, समोरासमोरच्या इमारतींत वाढलेले. आमचे दोघांचेही वडील दारूगोळा कारखान्यात. रविराज खराडीचा, शेतकऱ्याघरचा, पण शाळेसाठी मामाकडे खडकीत राहायचा. आता त्यांच्या ज्वारीच्या जागी काचेच्या इमारती उभ्या आहेत आणि त्यातल्याच एकीत मी सॉफ्टवेअर तपासायची नोकरी करते. "तुझ्या खुर्चीखाली आमची विहीर हाय," असं तो मला महिन्यातून एकदा तरी ऐकवतो.

शाळेपासूनचा आमचा रिवाज म्हणजे रविवारी सकाळी दहाला खडकी बाजारातल्या इराण्याकडे बसायचं, बनमस्का खायचा आणि भांडायचं. भांडण सिनेमावरून, मालिकांवरून, कॉमिक्सवरून, गेमवरून. रविराजला हाणामारी लागते. मी मालिकांना नावं ठेवते आणि एकही भाग चुकवत नाही. उत्तरेश्वरचं सगळं लक्ष चित्रात. लायब्ररीतून भाड्यानं आणलेल्या समुद्री चाच्यांच्या कॉमिक्समधली चौकट न् चौकट त्याला पाठ असायची. "तिसऱ्या पानावर चाच्याची पट्टी डाव्या डोळ्यावर होती, सातव्यावर उजव्या. चित्रकाराला डुलकी लागलेली दिसते," असं तो नववीत असताना म्हणाला होता. पुढे तो ॲनिमेशनच्या कंपनीत लागला. कार्टूनमागचे डोंगर, वाडे, बाजार तो रंगवायचा. त्याचा एक डोंगर टीव्हीवर दिसला तेव्हा मी ऑफिसमध्ये पेढे वाटले होते.

पण आम्हाला खरं बांधलं ते जहाजानं. पंच्याण्णव साली फौजेतून निवृत्त झालेल्या दीनानाथ सरांनी बाजारात संगणकाचा क्लास काढला. चपला बाहेर काढायच्या, आत एसीत गारठायचं. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. तिथं एक गेम होता, त्यात चित्रच नव्हतं. 'तुम्ही एका ओसाड जहाजावर आहात,' असं इंग्रजीत लिहून यायचं आणि पुढं काय करायचं ते आपण टाइप करायचं. मी खिशातला शब्दकोश घेऊन वाचायची, रविराज एका बोटानं टाइप करायचा आणि उत्तरेश्वर आलेखाच्या कागदावर नकाशा काढायचा. आम्ही दोन वर्षं खेळलो आणि अडकलो ते कप्तानाच्या खोलीशी. दाराला कुलूप, किल्ली कुठेच नाही. आम्ही कुऱ्हाड घातली, पहार घातली, तेल ओतलं. रविराजनं दार पेटवून दिलं आणि आम्ही जहाजासकट जळालो, एकदा नाही, तीनदा. मग दहावी आली, सरांचा क्लास बंद झाला आणि ते दार तसंच राहिलं.

याला चौदा वर्षं झाली. मधल्या काळात उत्तरेश्वरच्या डोळ्यांचं दुखणं निघालं. आधी कडेचं दिसेना, मग डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच मधलंही गेलं. गेल्या दिवाळीनंतर त्याला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. नोकरी त्यानं स्वतःच सोडली. तरी रविवारी तो यायचा, रविराज गाडीवर घेऊन यायचा.

एका रविवारी रविराज नव्या सिनेमातली मारामारी सांगत होता. हात उडवत, टेबल हलवत. "अरे, तू बघायला पायजे होतं," असं बोलून गेला आणि त्यानं मारामारी तिथंच सोडली. उत्तरेश्वरनं चहाचा घोट घेतला. त्याला घरी सोडून आल्यावर मी रविराजला झापलं आणि नियम काढला. यापुढे उत्तरेश्वरसमोर सिनेमा, मालिका, गेम, काही नाही. त्याला त्रास होतो. रविराजनं मान हलवली. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

पुढचे तीन रविवार आम्ही पाणीकपात, नगर रस्त्यावरची वाहतूक आणि कांद्याचा भाव यांवर बोललो. चौथ्या रविवारी त्याचं पोट बिघडलं. पाचव्या रविवारी पाहुणे आले. मग तो फोनवर "कामात आहे" म्हणायला लागला. दोन महिने असंच चाललं. पूर्वी दिवसातून चारदा वाजणारा त्याचा फोन एकदाही आला नाही आणि मला जेवण गोड लागेना.

"त्याला आपली कीव नको हाय," रविराज म्हणाला.

"मग आता काय करू?"

"मला काय विचारती? नियम तू काढला."

त्याला दोन शब्द सुनावणार होते, पण खरं तेच तो बोलला होता. त्याच आठवड्यात इंटरनेटवर शोधताना मला जहाज सापडलं. कुण्या हौशी माणसानं जुने गेम जपून ठेवले होते. शनिवारी दुपारी मी लॅपटॉप घेऊन थेट क्वार्टर्स गाठली.

दार उत्तरेश्वरच्या आईनं, विजयमाला काकूंनी उघडलं. "बरं झालं आलीस. खोलीतून बाहेर येत नाही, जेवणसुद्धा आत लागतं," त्या म्हणाल्या. मी नेहमीसारखी सरळ त्याच्या खोलीत घुसले. तो कॉटवर बसला होता. दचकला, पायाजवळचा पेला सांडला.

"कोण?"

"मी."

"कल्याणीबाई, दार वाजवायची पद्धत असते. मला कळत नाही कोण आलं ते." मग भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "काय, पाणीकपातीचं नवीन वेळापत्रक आणलंत वाटतं?"

मी सांडलेला पेला उचलला.

"तीन रविवार तुम्ही दोघं महापालिकेची सभा भरवत होतात. मी म्हटलं, आता ठराव बिराव मांडतील. ही अक्कल कुणाची?"

"माझी."

"मला विचारलंस?"

"नाही."

"डोळे गेलेत माझे, कान नाही गेले. रविराज ती मारामारी सांगत होता ना, मला सगळी दिसत होती. तो मूर्ख मध्येच थांबला. तो खलनायक छतावरून पडला की नाही, ते मला अजून माहीत नाही. आणि तुम्ही मला कांद्याचा भाव सांगताय."

माझा संताप उफाळून आला, पण स्वतःवरच. "चुकलं," मी म्हटलं. हा शब्द माझ्या तोंडून सहसा निघत नाही, त्यामुळे त्यानं मान माझ्याकडे वळवली. "उत्तऱ्या, तू नाहीस तर मला बोलायला कुणी नाही रे. रविराजशी भांडून काय भांडणार, तो लगेच हो म्हणतो."

तो हसला नाही, पण मांडी घालून नीट बसला. मी फरशी पुसली, लॅपटॉप उघडला आणि वाचायला लागले. 'तुम्ही एका ओसाड जहाजावर आहात. उत्तरेला जिना आहे.' जसं चौदाव्या वर्षी सांगायचे तसंच, वाचायचं इंग्रजीत आणि सांगायचं मराठीत.

त्यानं कान माझ्याकडे केला. मग म्हणाला, "उत्तरेला. मग खाली. भटारखान्यात कंदील आहे, तो घे. डावीकडच्या पेटीला हात लावू नकोस, उंदीर चावतो."

नकाशा त्याच्या डोक्यात जसाच्या तसा होता. मी टाइप करत गेले, तो वाट सांगत गेला. तासाभरात आम्ही कप्तानाच्या दाराशी उभे होतो.

"कुऱ्हाड आणू?" मी विचारलं.

"काय लिहिलंय ते आधी वाच. सगळं. तेव्हा तू घाईघाईनं वाचायचीस."

मी वाचलं. 'जाड लाकडी दार. कुलूप लावलेलं. दारावर पितळी कडी लोंबते आहे. आतून कागद उलटल्याचा आवाज येतो.'

"आत माणूस आहे," तो म्हणाला.

"ओसाड जहाज आहे ना?"

"कागद काय आपोआप उलटतात? कडी कशाला दिली आहे दाराला?" आणि मग थांबून, हळू आवाजात, "कल्याणी, दार वाजव."

"काय?"

"दार वाजव. इतकी वर्षं आपण नुसतं फोडायला बघतोय. विचारलं कुणीच नाही."

मी टाइप केलं. उत्तर आलं आणि मी ते वाचलं, 'आत किल्ली फिरल्याचा आवाज येतो. दार उघडतं. कप्तान दारात उभा आहे.'

किल्ली आतच होती. मला रडू फुटलं. तोंडावर ओढणी दाबून मी आवाज होऊ दिला नाही.

"नाक ओढू नकोस, ऐकू येतं," तो म्हणाला. "कसा दिसतो?"

"कोण?"

"कप्तान. पुढं वाच ना."

मी पुढं वाचलं, परत वाचलं. "नाही लिहिलेलं."

"म्हणजे तुलाही दिसत नाहीये."

"नाही."

"उत्तम," तो म्हणाला आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा मला त्याचे दात दिसले. "मग ऐक, मी सांगतो. बुटका. पोट रविराजसारखं, मिशी दीनानाथ सरांची. बूट दाराबाहेर काढलेले, आत मोज्यांवर उभा. मागे खिडकी, तिच्यात निळसर राखाडी समुद्र, संध्याकाळचा. मेजावर अर्धा खाल्लेला पेरू. आणि एका डोळ्यावर पट्टी."

"कुठल्या?"

"डाव्या."

"लक्षात ठेव हं. सातव्या पानावर उजव्यावर जायला नको."

"मला डुलकी लागत नाही," उत्तरेश्वर म्हणाला. "रविराजला फोन लाव. तो खलनायक छतावरून पडला की नाही, ते आधी विचार."

मी फोन लावला.