नवी सिस्टीम आणि घट्ट कॉलर

गणवेश शिवणाऱ्या कारखान्यातले सगळे कॉम्प्युटर एका शनिवारी बदलले. मालकीणबाईंनी कापड कापायचे कागदी पॅटर्न काढणाऱ्या मास्टरीणबाईंना सांगितलं, "पुढच्या सोमवारी नव्या सिस्टीमवर शर्टाचा पॅटर्न काढून दाखवा. जमलं तर पॅटर्नचं टेबल तुमचं, नाहीतर काजं-बटणं करायची."

म्हणजे नऊ दिवस. त्या टेबलावर बाईंची बावीस वर्षं गेली होती. जुन्या सिस्टीमवर त्यांचा हात डोळे झाकून चाले. नव्यावर जपून ठेवलेली फाइल कुठे गेली तेही कळेना.

क्लासची सोय कारखान्यानेच केली होती. पॅकिंग बघणारी त्यांची नणंद चार रंगांची पेनं घेऊन पहिल्या बाकावर बसली. बाई पहिल्या दिवशी गेल्या. सरांनी तासभर माउस धरायला शिकवलं.

"या वेगाने मी रिटायर होईन, तेव्हा प्रिंट येईल," घरी येताना बाई म्हणाल्या.

"वहिनी, पाया नको का पक्का?"

"पाया भरेपर्यंत छप्पर जाईल माझं."

शिवणही त्या अशाच शिकल्या होत्या, वडिलांचा शर्ट उसवून आणि पुन्हा जोडून. आईची बोलणी खावी लागली होती, पण बाही बसली होती. आता त्यांनी मुलीच्या जुन्या लॅपटॉपवर नवी सिस्टीम टाकली आणि ती उसवायला घेतली. मंगळवारी तो सुरूच होईना. बुधवारी अक्षरं मुंगीएवढी झाली. दर वेळी त्यांनी सिस्टीम पहिल्यापासून टाकली. चौथ्यांदा टाकताना पुढे काय विचारलं जाणार हे त्यांना पाठ होतं.

गुरुवारी पॅटर्न छापून आला. बाईंनी कागद जोडले, कापड कापलं, कॉलर शिवली आणि नवऱ्याच्या गळ्याला लावली. बटण काजापर्यंत पोचेना.

"अगं, मी जाड झालो की काय?"

"हलू नका." बाईंनी टेप लावली. मग कागदाला लावली: दहा इंचांचं माप साडेनऊ भरत होतं. सगळा पॅटर्नच आक्रसून छापला गेला होता. कागद न मोजता कापड कापलं, ही चूक त्यांनी शिकाऊ पोरींना कधी माफ केली नसती.

शुक्रवार त्याच्यामागेच गेला. शनिवारी बाई मान खाली घालून क्लासला गेल्या आणि शेवटच्या बाकावरून त्यांनी सरांना विचारलं.

सर म्हणाले, "पॅटर्न आपल्या अभ्यासक्रमात नाही, मॅडम."

वर्गात कुणीतरी हसलं. नणंद मात्र वही उलटत मागे आली. सरांनी एक पत्र छापायला शिकवलं होतं, तेव्हा प्रिंटच्या खिडकीतला शब्द न् शब्द तिने उतरवून घेतला होता. हिरव्या शाईत एक ओळ होती: 'पानात बसवा – खूण असली की आपोआप लहान करतं.'

"हे असेल का, वहिनी? मला आपलं पत्रापुरतं माहीत."

बाईंनी ती ओळ दोनदा वाचली. "मी चार वेळा सिस्टीम टाकली आणि छापताना ही खूण एकदाही वाचली नाही. दर वेळी आपली 'पुढे, पुढे' दाबत गेले."

"पहिल्या बाकाला नावं ठेवा अजून."

सोमवारी मालकीणबाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या. मधेच पडदा गोठला. बाईंनी शांतपणे अडकलेलं काम बंद केलं आणि पुन्हा उघडलं. घरी हे इतक्या वेळा झालं होतं की त्यांना घामही फुटला नाही. छापण्याआधी 'पानात बसवा'समोरची खूण काढून टाकली. कागद आल्यावर टेप लावली. दहाचे दहा.

"वेळ लागला," मालकीणबाई म्हणाल्या.

"लागला. पुढच्या वेळी कमी लागेल."

मालकीणबाईंनी स्वतः टेप घेऊन मोजलं. "टेबल ठेवा. पण दुसऱ्या शाखेतल्या दोघींनाही शिकवावं लागेल. क्लास घ्याल?"

"क्लास नको. एक जुना कॉम्प्युटर द्या, मोडला तरी चालेल असा. आणि पॅकिंगमधून माझ्या नणंदेला रोज एक तास सोडा."

"ती काय करणार?"

"मी वाचायचं विसरते ते ती वाचेल," बाई म्हणाल्या आणि पुढच्या मापाची फाइल उघडली.