भागीरथा, रेचा नंबर नऊ

"सात घोडे हायेत का?"

यवतमाळच्या मैदानावर कलाजत्रेचा तिसरा दिवस, आणि सकाळपासून हा प्रश्न अकराव्यांदा. पळणारे सात पांढरे घोडे. पूर्वेच्या भिंतीवर टांगले की घरात बरकत येते म्हणे. शेजारच्या स्टॉलवरच्या अर्पिता मॅडम नागपूरहून घोड्यांनी गाडी भरून आणतात आणि रिकामी नेतात. मी घोडे काढत नाही. घोडा मी जवळून पाहिला तो वरातीत, तोही दुसऱ्याच्या.

"नाही जी," मी म्हणालो.

"मंग ठेवलं काय हाय?" बाई पुढे सरकल्या.

ठेवलेलं सगळ्यांना दिसत होतं, कुणी पाहत नव्हतं. चार-पाच लहान चित्रं आणि मधोमध चार फुटी कॅनव्हासवर माझी माय. जिनिंगमध्ये रेच्यापुढे उभी. कापूस खायचा, रुई एकीकडे टाकायची, सरकी एकीकडे, असं ते यंत्र. तिच्या केसांत, भुवयांत रुई. उजव्या हातात कापसाचा पुंजका आणि डावा हात यंत्राच्या कडेवर. त्या हाताला दोनच बोटं. अंगठा आणि त्याच्या बाजूचं. बाकीची तीन नऊ नंबरच्या रेच्यानं घेतली, तेव्हा मी दीड वर्षाचा होतो.

मी कोणत्या कॉलेजात शिकलो नाही. दिग्रसला वीस वर्षं बोर्ड रंगवले. दुकानं, ट्रक, शाळेच्या भिंती, पुढाऱ्यांचे वाढदिवस. मग फ्लेक्स आला आणि मशीन एका तासात माझं आठवडाभराचं काम ओकू लागलं. ब्रश हातात होताच, म्हणून चित्रं. या एका चित्राला दोन वर्षं लागली, त्यातलं निम्मं त्या हातावर गेलं. तुटलेला हात खरा काढणं सोपं नाही. कीव आली की चित्र मेलं.

खरी माय, भागीरथा, चित्राखाली स्टुलावर बसली होती. मी चहाला गेलो तर स्टॉल पाहायला कुणी हवं, म्हणून रोज दिग्रसहून एसटीनं सोबत येत होती. डावा हात पदराखाली. तो लोकांसमोर कधी बाहेर निघाला नाही. बाबासाहेबांच्या जयंतीला फुलंसुद्धा ती एकाच हातानं वाहते.

दुपारी चारच्या सुमारास पियुष शेठ आले, सोबत ड्रायव्हर. मी त्यांना ओळखतो. ज्या जिनिंगमध्ये मायची बोटं गेली ती त्यांच्या वडिलांची, आता त्यांची. चित्रापुढे थांबले. तीन दिवसांत पहिला माणूस थांबला होता.

"अरे, हे तर आपल्या जुन्या जिनिंगसारखंच हाय! पेंटर, तुम्हीच ना? आमच्या गेटवरचा बोर्ड तुम्ही काढला होता."

"हो शेठ. पंधरा वर्षं झाली."

"अजून रंग नाही उडाला राव! हे द्या मले. नव्या ऑफिसात लावतो. बाहेरून पार्ट्या येतात, त्याहीले आपली परंपरा दिसली पाह्यजे." भाव न करता त्यांनी नोटा काढून माझ्या हातावर ठेवल्या. "हा बयाना. बाकी नेताना."

आणि मी तो बयाना कपाळाला लावला.

वीस वर्षांची सवय. आमच्या धंद्यात बयाना कपाळाला लावला की भिंत गिऱ्हाइकाची. तो म्हणेल तो रंग, तो म्हणेल ते अक्षर. त्यानंतर मागं फिरणाऱ्या पेंटरला बाजारात कुणी उभं करत नाही. चित्र ही काही भिंत नव्हे, हे मला कळतं. हाताला कळलं नाही.

"फक्त एक करा," शेठ म्हणाले. "तो हात नीट करून द्या."

"तो हात तसाच हाय शेठ."

"अरे, पार्ट्या बसतील समोर. अपघात वाटते ना! तीन बोटं तं काढाची हायेत. तुमच्यासाठी काय, दहा मिनिटं."

"शेठ, हा बयाना घ्या वापस."

त्यांनी हात मागे घेतले आणि हसले. "कपाळाले लावला ना तुम्ही? मंग? बोर्डवाल्याची जबान असते म्हणे. मी चक्कर मारून येतो."

ते गेले. मी नोटा चुरगाळल्या. "त्याच्या गाडीत फेकून येतो माय."

"काढ," माय म्हणाली.

"काय?"

"बोटं. काढ."

"तुले मालूम हाय थो कोनाचा पोरगा हाय?"

"मले शिकवतं का? त्याच्या बापानं एक लुगडं देल्लं न् कागद पुढं केला. बाईची चूक म्हणून. अंगठा वाचला होता, थोच लावून घेतला." तिनं चित्राकडे पाहिलं. "मले पाहाची हायेत रे. चाळीस वर्सं झाले, सपनातबी येत नाही आता."

मी पॅलेट काढली. ऑइल कलर मिसळला आणि मग तसाच उभा राहिलो. दोन वर्षं त्या हाताशी झोंबलो, आणि ती बोटं कशी होती हेच मला माहीत नव्हतं.

"कशी होती?"

तिनं माझाच डावा हात धरला, उलटापालटा करून पाहिला. "अशीच. करंगळी जराशी वाकडी, तुह्यासारखी. मधल्यावर विळ्याचा वण होता, बारीकसा. जाड नोको काढू. मी काही जाडी नोती तवा."

मी माझा हात पाहून मायची बोटं काढली. ती स्टूल ओढून कॅनव्हासला नाक लावून बसली. "वण अजून खाली... हां. हां बाबू, तिथीसा." अर्पिता मॅडमच्या स्टॉलवर तेवढ्यात दोन घोडे विकले गेले.

शेठ तासाभरानं आले. "आता कसं! काय हुशार हात हाय तुमचा." बाकी पैसे दिले. "नाव काय चित्राचं? खाली लिहून द्या."

"भागीरथा, रेचा नंबर नऊ."

"भागीरथा कोण?"

"मी," माय म्हणाली.

आणि तिनं डावा हात पदरातून काढून पुढे धरला. भर मैदानात, माणसांत. शेठनी हात पाहिला. मग चित्रातला पाहिला. मग पुन्हा हा. मला वाटलं, आता बोलतील. शिवी दिली असती तरी चाललं असतं.

"बाईचं नाव नको," ते मला म्हणाले. "नुसतं 'कापूस' लिहा."

नोटा माझ्या खिशात होत्या. मी शून्य नंबरचा ब्रश घेतला आणि उजव्या कोपऱ्यात लिहिलं, कापूस. हात हलला नाही. अक्षर असं देखणं उतरलं की दिग्रसच्या बाजारात लोकांनी थांबून पाहिलं असतं. तेवढ्यासाठीच मी स्वतःला माफ करत नाही.

ड्रायव्हरनं चित्र उचललं, काखेत धरायला गेला. मायचा हात अजून तसाच पुढे होता.

"हळू ने बाप्पा," ती त्याला म्हणाली, "बोटं ओली हायेत अजून."