दारामागच्या बाईची समीक्षा

दादाने वाक्य लिहिलं, 'जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ओल होती,' आणि लगेच खोडलं.

जिना म्हटला की धाकट्या बहिणीचा आवाज कानात सुरू व्हायचा. जिना म्हणजे जाणिवेतून नेणिवेत उतरणं. ओल म्हणजे गर्भाशय. त्याने जिना काढून लिफ्ट घातली, तर लिफ्टमध्ये मेहुणे येऊन उभे राहिले. लिफ्ट कोणाच्या मालकीची, दादा? ती बंद पडली की कोणत्या वर्गातला माणूस अडकतो? शेवटी वैतागून त्याने नायकाला तळमजल्यावरच राहायला आणलं, तर तिथे घाबरण्यासारखं काही सुचेना.

इतकी वर्षं असं कधी झालं नव्हतं. दादा भयकथा लिहायचा. खिशात मावणाऱ्या, पिवळ्या कागदावरच्या, बसस्टँडवरच्या स्टॉलला दोरीवर लटकणाऱ्या. वाचक बसमध्ये चढताना त्यातली एखादी घ्यायचा आणि उतरताना सीटवर विसरून जायचा, आणि दादाला त्याचं काही वाटायचं नाही. प्रकाशकाकडे आधी मुखपृष्ठ तयार व्हायचं. मग फोन यायचा, "बंद दार आहे, फटीतून हिरवा उजेड. बसवा काहीतरी." शिंपी कापड बघून सदरा बेततो तसं दादा बसवायचा. मध्येच एकदा फॅशन म्हणून त्याने भविष्यातल्या जुलमी राज्याची 'मुकं शहर' ही कादंबरी लिहिली. त्या शहरात मोठ्याने बोलणं हा गुन्हा असतो आणि गणवेशातले निरीक्षक घराघरात आवाज मोजत फिरतात. तीही बरी खपली.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग धाकटीने त्याला वाचलं.

त्याची ही धाकटी बहीण कॉलेजात साहित्य शिकवायची. मेहुणे त्याच कॉलेजात समाजशास्त्र. दोघांनी आजवर दादाच्या पुस्तकांकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. पण कॉलेजात भयकथा आणि डिस्टोपिया या विषयावर परिसंवाद ठरला, आणि अभ्यासायला लेखक घरातच आहे हे दोघांच्या एकदमच लक्षात आलं. तेव्हापासून रविवारचं जेवण म्हणजे दादाच्या डोक्याला ताप झाला होता.

"मुकं शहर म्हणजे सरळ सरळ सेन्सॉरशिप," मेहुणे ताटावरून मान वर न करता म्हणायचे. "दाटीवाटीने राहणाऱ्या माणसांवर सत्ता कशी चालते, त्याची गोष्ट आहे ती."

"तुम्ही लोक गणवेश बघितला की सत्ता म्हणता," धाकटी म्हणायची. "निरीक्षक वरवरचे आहेत. मुळात सगळे कोणाची तरी झोप मोडायला भितात. हा आदिबंध आहे. माणूस गुहेत राहत होता तेव्हापासूनचा."

"मला विचारा ना," दादा म्हणायचा. "मी इथेच बसलोय."

"लेखकाला विचारायचं नसतं," दोघं म्हणायची. तेवढ्यावर मात्र त्यांचं एकमत होतं.

आई, म्हणजे दादाची आणि धाकटीची आई, हे सगळं ऐकत मुकाट्याने जेवायची. ती दादाकडेच राहायची. दादाने लग्न केलं नव्हतं. त्याचंही कारण धाकटीने परिसंवादासाठी लिहिलेल्या निबंधात एका परिच्छेदात आलं आहे असा दादाला दाट संशय होता, म्हणून निबंधाची प्रत त्याने अजून वाचली नव्हती. ती टेबलावर पडून होती. ती कोणी उघडली असेल हे त्याच्या डोक्यातही आलं नाही.

परिसंवादाच्या सकाळी आई ठेवणीतले कपडे घालून दारात उभी राहिली.

"तू कुठे निघालीस?"

"तुझ्याबरोबर. दोन्ही मुलं एका मंचावर बसणार आणि मी घरी फरशी पुसू?"

"आई, कंटाळशील. तिथलं मलाही कळणार नाही."

"तुला कळत नाही म्हणून तर मी येते," आई म्हणाली आणि चपला घालून पुढे चालू लागली.

सभागृह निम्मं भरलं होतं. बरीचशी मुलं हजेरीसाठी बसवलेली दिसत होती. पंख्याचा घरघराट इतका की शेवटच्या रांगांनी ऐकण्याची आशा सोडलेली. दादाला मंचावर कडेची खुर्ची मिळाली. आई दुसऱ्या रांगेत बसली आणि पर्स मांडीवर घट्ट धरून बघत राहिली.

धाकटी बोलायला उभी राहिली. ती छान बोलायची, हे दादाला कबूल करावं लागलं आणि त्यामुळे तो आणखीच वैतागला. ती म्हणाली, या सगळ्या कादंबऱ्या शेजारी शेजारी ठेवल्या तर ती एकच गोष्ट आहे. एक बंद दार आहे. दारामागे एक बाई आहे. दाराबाहेरची माणसं हळू चालतात, हळू बोलतात, तिला जाग येऊ नये म्हणून जिवाचं रान करतात. ती दिसत नाही, पण घर तिच्या तालावर चालतं. ज्याने दार वाजवलं, तो गेला. ही माणसाच्या मनातली फार जुनी प्रतिमा आहे. जन्म देणारी, आणि दिलेला जन्म परत घेणारी. गिळणारी आई.

दादाने दुसऱ्या रांगेकडे पाहायचं टाळलं.

मेहुण्यांनी मग ते खोडून काढलं. आई नव्हे, सत्ता. न दिसता राज्य करते ती सत्ता. दाराबाहेरचे ते नागरिक. दारामागे कोणी नसलं तरी चालतं, भीती पुरते. दोघांची जुंपली. अध्यक्ष घड्याळाकडे बघू लागले आणि सुटकेचा मार्ग म्हणून त्यांनी दादाला विचारलं, "लेखकाला काय वाटतं?"

"मुखपृष्ठावर दार होतं," दादा म्हणाला. "म्हणून गोष्टीत आलं."

मुलं पहिल्यांदाच मनापासून हसली. तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून हात वर झाला.

"मी यांची आई," आई उभी राहून म्हणाली. माईक तिने बाजूला सारला, तिला त्याची गरज नव्हती. "दोघांचीही. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये रात्रपाळीला होते. यांचे वडील लवकर गेले. रात्री मुलं शेजाऱ्यांकडे झोपायची, सकाळी मी येऊन त्यांना खाऊपिऊ घालायचे आणि दुपारी दार लावून झोपायचे. आवाज करू नका असं सांगितलेलं असायचं. मी कोणाला गिळलं नाही."

सभागृहात हशा पिकला. आई बसली नाही.

"यात हसण्यासारखं काय आहे ते मला कळलं नाही," ती म्हणाली, आणि हशा जसा उठला तसा विरला.

"श्रम," मेहुणे आनंदाने टेबलावर हात मारून म्हणाले. "मी मघापासून हेच सांगतोय."

"तुम्ही असलं काहीही सांगत नव्हतात, जावईबापू," आई म्हणाली. "तुम्ही मला सरकार म्हणालात."

नंतर चौघं कॅन्टीनमध्ये कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली. चहा आला. धाकटीचा चेहरा लाल झाला होता.

"तू तिला आणलंस," ती दादाला म्हणाली.

"ती आली. तिला कोण आणतंय?"

"मी इथेच आहे," आई म्हणाली. "आणि ते तुझे कागद मी आधीच वाचले होते, टेबलावर होते ते. सगळं वाचलं. गुहा आहे, चंद्र आहे, अजगरसुद्धा आहे. मी नोकरी करत होते एवढं मात्र नाही. तुला माहीत नव्हतं का?"

"माहीत होतं."

"मग?"

"तसं लिहायचं नसतं, आई. लेखकाच्या आयुष्यात शिरून पुस्तकाचा अर्थ लावणं आता जुनं झालं."

"मग नवीन पद्धतीत खरं कुठे सांगतात?"

धाकटीने कप खाली ठेवला. ती बोलली तेव्हा वर्गातला आवाज गेला होता. "तू आत झोपली होतीस हे खरं. पण ते दाराच्या आतलं खरं. आम्ही बाहेर होतो. बाहेर काय वाटायचं, ते तुला कुठे माहीत?"

"मला सगळं माहीत आहे," आई म्हणाली. "झोप लागायची कुठे? रात्रभर कानाला ती हेडफोनची पट्टी. कोणी ओरडतंय, कोणी रडतंय, नंबर लागला नाही की शिव्या. घरी येऊन पडलं तरी कानात तेच. आणि दारापलीकडे तुमची कुजबुज. तू रडायला लागलीस की हा तुला गोष्ट सांगायचा."

"कसली गोष्ट?" दादाने विचारलं. त्याला खरोखरच आठवत नव्हतं.

"माझीच. आतली बाई रोज दुपारी थोडी थोडी मोठी होते म्हणे. तिची बोटं तारांची झालीत आणि ती भिंतीतून दुसऱ्यांच्या घरात जातात. कोणी रडलं की तार हलते, मग तिला कळतं."

मेहुण्यांनी खिशातून पेन काढलं. धाकटीने नुसतं त्यांच्याकडे पाहिलं, तसं त्यांनी ते परत ठेवलं.

"तू बाहेर का नाही आलीस मग?" दादा म्हणाला. "एक धपाटा घालून गप्प करायचंस मला."

"उठले असते तर झोप गेली असती. एक्स्चेंजच्या बोर्डावर डुलकी लागली की नोकरीवर गदा." आईने चहाचा घोट घेतला. "आणि खरं सांगायचं तर त्या गोष्टीने ही गप्प व्हायची. घाबरून का होईना, गप्प व्हायची. मग मला तासभर झोप मिळायची. मी म्हटलं, चालू दे."

शेजारच्या टेबलावर मुलं मेहुण्यांची नक्कल करत होती, ती यांना पाहून थांबली.

"म्हणजे," धाकटी सावकाश म्हणाली, "मला गप्प बसवायला तुम्ही दोघांनी मिळून मला घाबरवलंत. एकाने सांगून, एकीने ऐकून न ऐकल्यासारखं करून. शाळेतसुद्धा जात नव्हते मी तेव्हा. आणि आता मी त्यावर तोंड उघडलं तर तुम्हाला लागतं."

दादाला वाटलं आता आई खवळणार. पण आईने धाकटीच्या बशीतला सांडलेला चहा आपल्या रुमालाने टिपला, तिला तो तसा पुसायची काही गरज नव्हती, आणि म्हणाली, "बोल. तुझा हक्कच आहे. अजगरही राहू दे हवा तर. पण मी कामावरून येऊन झोपले होते, तेवढं लिही."

धाकटीने लिहिलं. परिसंवादाचे निबंध छापून आले तेव्हा तिने एक प्रत आईला आणून दिली. आईने चष्म्यावर भिंग धरून पान काढलं आणि खाली बारीक अक्षरात तळटीप सापडली. लेखकाची आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये रात्रपाळीची कर्मचारी होती.

"मला तळाशी का घातलंस?"

"तळटीप आहे ती, आई. महत्त्वाची असते."

"मग अजगराला घाल तळाशी."

यावर मायलेकींचा आठवडाभर अबोला होता. त्यात दोघींचे निरोप पोचवता पोचवता दादाच्या नाकी नऊ आले. निबंधांचं पुढे पुस्तक होईल तेव्हा आईला वर घेईन, असं धाकटीने अखेर कबूल केलं, पण ते चिडूनच.

दादाने मात्र प्रकाशकाच्या हिरव्या उजेडाला पहिल्यांदा नकार दिला. प्रकाशकाने विचारलं, "तब्येत बरी आहे ना?" दादा नवीन कादंबरी लिहायला बसला. यात बाई दाराच्या आत होती आणि गोष्टही आतूनच होती. रात्रभर दुसऱ्यांचे आवाज जोडून आलेली, दिवसा झोप न येणारी बाई. दाराबाहेर दोन मुलं तिच्याबद्दल कुजबुजतात. ती ऐकत राहते, आणि मुलं म्हणतात तशीच हळूहळू होत जाते. हे लिहिताना कोणाचा आवाज मध्ये आला नाही. एक्स्चेंजचे तपशील आई स्वयंपाकघरातून ओरडून सांगायची, निम्मे चुकीचे, आणि दुरुस्ती करायला हात पुसत बाहेर यायची.

हस्तलिखित त्याने धाकटीला दिलं. द्यायचं नव्हतं, पण तिने मागितलं. दोन दिवसांनी तिचा फोन आला.

"चांगलं आहे," ती म्हणाली. दादा 'पण'ची वाट पाहत राहिला. "पण दाराबाहेरच्या मुलीला आख्ख्या पुस्तकात एकही वाक्य नाही. मुलगा बोलतो, आई विचार करते. ती नुसती रडते आणि गप्प होते."

"ती लहान आहे."

"लहान होते म्हणून बोलत नव्हते असं वाटतं तुला?"

"हे बघ, मी छापायला देतोय. आता तू पुन्हा सुरू करू नकोस. भीती कशाची, आदिबंध कुठला, हे लोकांना..."

"आदिबंधाचं नाव तरी घेतलं का मी? वाक्य द्यायला सांगितलं, एक."

दादाने फोन ठेवला. खोलीत दोन फेऱ्या मारल्या. बहीण समीक्षक असण्यापेक्षा दात दुखलेला बरा, असं आईला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला. मग कुरकुरत तिसरं प्रकरण काढलं, मुलगा गोष्ट सांगतो ती जागा शोधली आणि ओळींच्या मध्ये पेन टेकवून बसून राहिला. तारांच्या बोटांची गोष्ट ऐकल्यावर ती मुलगी काय म्हणाली असेल, ते त्याला काही केल्या सुचेना.

त्याने पुन्हा फोन उचलला आणि धाकटीचा नंबर लावला.