मुदतीचा रकाना

दोन हजार चोवीसला तुळशीचं लग्न लागलं आणि चारच दिवसांनी प्रतिभाच्या मुलीचं, पूजाचं. लग्नाच्या पंगतीतच गोजराबाईंनी विषय काढला. गोजराबाई म्हणजे निफाडच्या एका खासगी दवाखान्यातल्या सगळ्यात जुन्या नर्स. प्रतिभा त्याच दवाखान्यात. सुई कशी धरायची हे तिला गोजराबाईंनीच शिकवलेलं.

"प्रतिभे, माझं नर्सचं रजिस्ट्रेशन संपून दोन वर्षं झाली."

"मग भरून टाका ना मावशी."

"फी, त्यावर दंड, वर ट्रेनिंगच्या शिबिरांची सर्टिफिकिटं. सव्वा महिन्याचा पगार जातो माझा. मोठ्या हॉस्पिटलातल्या मेट्रनलाही फी तेवढीच. तिचा दोन दिवसांचा पगार. बरं, जिलेबी वाढ."

जानेवारीत कळलं, रजिस्ट्रेशनची नवी फी ठरवणारी कमिटी लोकांचं ऐकायला नाशकात येणार. प्रतिभा सुट्टीच्या दिवशी निफाड, चांदवड फिरली आणि एकेचाळीस नर्सांच्या सह्या आणल्या. मागणी साधी होती. पगाराच्या मानानं फी घ्या, दंड माफ करा. खाली तिनं तक्ता आखला. नाव, दवाखाना, रजिस्ट्रेशन नंबर, मुदत.

चांदवडची शुभांगी म्हणाली, "मुदत कशाला लिहायची?"

"फी परवडत नाही म्हणूनच ती संपली, हेच तर सांगायचंय. लपवलं तर कोण ऐकेल?"

शिवाय गोजराबाईंची शिकवण होती, रजिस्टरचा रकाना रिकामा सोडायचा नाही. एकेचाळीस जणींनी खरं तेच भरलं. त्यात सव्वीस जणींची मुदत संपलेली.

नाशकातल्या हॉलमध्ये कमिटीच्या साहेबांनी चष्मा लावून तक्ता वाचला. "फार सुबक लिहिलंय," ते म्हणाले. "पण सगळ्यांना सारखी फी, हाच न्याय नाही का?"

गोजराबाई उठल्या. "साहेब, एसटीतसुद्धा बायांना अर्धं तिकीट हाय."

हॉल हसला. साहेबही हसले आणि तक्ता फायलीत ठेवून घेतला. परतीच्या गाडीत गोजराबाईंनी खिडकी धरली आणि निफाड येईपर्यंत साहेबांच्या हसण्याची नक्कल केली.

मार्चमध्ये नवी फी जाहीर झाली. सगळ्यांना सारखी, आणि आधीपेक्षा जास्त. त्याच आठवड्यात सव्वीस जणींच्या दवाखान्यांना पत्रं गेली, मुदत संपलेल्यांना कामावर ठेवू नये. शोधाशोध करावी लागलीच नव्हती. यादी प्रतिभाच्या अक्षरात तयार होती.

डॉक्टर म्हणाले, "माझा नाइलाज आहे, सिस्टर." गोजराबाईंच्या जागी त्यांनी बारावी झालेली एक मुलगी पांढऱ्या एप्रनात उभी केली. तिचं रजिस्ट्रेशनच नव्हतं, त्यामुळे संपायचाही प्रश्न नव्हता. प्रतिभाची मुदत शिल्लक होती. ती राहिली.

ती गोजराबाईंच्या घरी गेली. "मावशी, मी भरते तुमचे पैसे. माझ्यामुळे झालं."

"पूजाच्या लग्नाच्या कर्जातून तू अजून वर आली नाहीस. आणि पाच वर्षांनी पुन्हा भरायचे, तेव्हा काय करशील? मी साठीची झाले, पोरी."

"रिकामा सोडायला हवा होता का तो रकाना?"

गोजराबाई म्हणाल्या, "सोडला असतास, तर मीच रागावले असते."

त्या कांद्याच्या खळ्यावर जाऊ लागल्या. तापल्या पत्र्याखाली बसून दिवसभर कांदा निवडायचा. एकदा प्रतिभा डबा घेऊन गेली, तेव्हा त्यांचं तोंड लाल झालेलं, ओठ सुकलेले. प्रतिभानं नाडी पाहिली आणि घरी चला म्हणाली.

"नाडी सोड. इथं कोणी मुदत विचारत नाय, तेवढं बरंय," त्या म्हणाल्या आणि पुढची पाटी ओढली.

महिनाभरात एका दुपारी त्या पाटीवरच कलंडल्या. चाळीस बाया भोवती होत्या. कोणी कांदा फोडून नाकाशी धरला, कोणी वारा घातला. पदर सैल करून अंग ओल्या फडक्यानं गार करायचं, हे तिथं एकटीलाच माहीत होतं, आणि ती पडलेली होती. दवाखान्यात आणलं तेव्हा उशीर झाला होता. रजिस्टरचे सगळे रकाने प्रतिभानं भरले.

गोजराबाई वारल्या, चोवीस एप्रिल दोन हजार पंचवीस रोजी, गुरुवारी.