खुर्चीतला आरपार माणूस

करंजाड्याच्या त्या इमारतीत तिसऱ्या मजल्यापर्यंत जिनाभर रांग लागली होती. हेप्झिबाबाईंच्या घरात त्यांचे वारलेले यजमान शमुएल दिसतात, ही बातमी शेजारच्या विचुंबे गावापर्यंत पोचली होती.

दिसत होते, हे खरंच. शमुएल दोन भिंगांच्या कॅमेऱ्याने स्लाइड काढायचे. जोडीतल्या दोन स्लाइड दुर्बिणीसारख्या व्ह्यूअरमध्ये घालून दोन्ही डोळ्यांनी पाहिल्या की चित्र उठून, खोल दिसे. ते गेल्यावर कॅमेऱ्यात राहिलेला रोल बाईंनी मुंबईच्या एका लॅबकडे धुवायला पाठवला. परत आलेल्या एका जोडीत शमुएल गॅलरीत बसले होते आणि त्यांच्या छातीतून खुर्चीची वेताची वीण दिसत होती.

जिना झाडणारी साळू ते बघून मागे सरली. "बाय, सायेब हायेत बी आन् नाय बी."

तेव्हापासून बाई गॅलरीत पाऊल टाकत नव्हत्या. जेवायला मात्र तिकडेच तोंड करून बसत.

मग दाजी नावाचे मांत्रिक आले. "आत्मा काचेत अडकलाय. व्हायब्रेशन असतात, बाई, सायन्सपण हेच सांगतं." प्रत्येकाच्या डाव्या पापणीला अंगारा लावून ते तो डोळा मिटून व्ह्यूअरमध्ये बघायला लावत, काहीतरी पुटपुटत, आणि शमुएल नाहीसे होत. लोक हात जोडत. अमावस्येला कॅमेरा आणि घरातल्या सगळ्या स्लाइड आपटा गावाजवळ पाताळगंगा नदीत सोडायच्या, नाहीतर ते बाईंना ओढून नेतील, असं दाजींनी बजावलं. चाळीस वर्षांच्या स्लाइड. बाईंनी पिशवी भरून ठेवली.

त्या दिवशी बहिणीची मुलगी ज्युडिथ आली. ती डोळ्यांची डॉक्टर. तिने एकदाच पाहिलं.

"दाजी, आता उजव्या डोळ्याला लावा."

"तो डोळा चालत नाही, ताई."

"मावशी, तू उजवा मीट आणि बघ."

बाईंनी पाहिलं. शमुएल पक्के बसले होते. मागचं काही दिसत नव्हतं.

"डाव्या डोळ्यासमोर काका आहेत, उजव्यासमोर रिकामी खुर्ची. मेंदू दोन्ही एकावर एक ठेवतो," ज्युडिथ म्हणाली. तिने स्लाइडच्या चौकटी उघडून फिल्मच्या कडेचे आकडे दाखवले. "काकांनी आधी खुर्चीचा फोटो काढला, मग टायमर लावून स्वतः बसले. हा कॅमेरा एका वेळी दोन चित्रं घेतो, पण रोलवर ती शेजारी नसतात. मध्ये दुसऱ्या फोटोंची दोन येतात. लॅबने शेजारची उचलून जोडी लावली. रोल कापू नका, असं काका पाकिटावर लिहायचे आणि जोड्या स्वतः लावायचे."

"मी नाही लिहिलं," बाई म्हणाल्या. "मला ठाऊकच नव्हतं."

दाजी चपला घालत होते. "डावाच डोळा का लागतो, तेवढं सांगून जा," ज्युडिथ म्हणाली. ते रांगेतून वाट काढत जिना उतरले.

तिने खरी जोडी लावून दिली. शमुएल आता भरीव होते. मनगटावर घड्याळ सैल लोंबत होतं, गळ्याची हाडं वर आलेली. बाई बराच वेळ बघत राहिल्या.

"इतके वाळले होते," त्या म्हणाल्या. "तेव्हा मला दिसलंच नाही."

मग त्या दारात, रांगेसमोर आल्या.

"ते इथे नाहीत," बाई म्हणाल्या. "इथे फक्त फोटो आहे, तोही चुकीचा जोडलेला. मी महिनाभर भ्याले, कारण मला ते हवे होते. तुमचंही कुणी गेलं असेल. त्याला दाखवतो म्हणणारा भेटला, तर हात जोडण्याआधी विचारा, हे कसं होतं. उत्तर देत नसेल, तर घरी जा."

साळूने झाडू उचलला आणि लोकांना वाट करून दिली.