अप्पांचं बटण

माझा नवरा मतदान यंत्रं दुरुस्त करतो आणि माझे वडील त्याच्याशी बोलत नाहीत. म्हणजे बोलतात, पण माझ्यामार्फत. तो समोर बसलेला असला तरी मला म्हणतील, "यांना सांग, पंखा जरा कमी करा." आठ वर्षं मी या दोघांमध्ये निरोप्याचं काम करते आहे. अप्पा शाळेचे मुख्याध्यापक होते. पाना-पकड घेऊन कामावर जाणारा माणूस जावई असू शकतो, हे त्यांना अजून पटलेलं नाही.

नवरा अगदी गरीब गाय. घरी ब्र काढत नाही. पण त्याच्या कार्यशाळेत तपासणीसाठी एक यंत्र कायमचं ठेवलेलं असतं, आणि त्यात बटणासमोर कुठलंतरी नाव घालावं लागतं. त्याने अप्पांचं घातलं. अप्पा काही टोचून बोलले, की दुसऱ्या दिवशी हा दार लावून ते बटण अंगठ्याने दाबत बसायचा. दर वेळी यंत्र केकाटायचं. मन मोकळं झालं, की घरी येऊन शांतपणे जेवायचा. मला हे ठाऊक होतं. कुणाचं नुकसान नाही, तर दाबू दे बापडा, असं मी म्हणायचे.

मग सरपंचाची निवडणूक आली. ऐनवेळी एक यंत्र बंद पडलं, नवरा तापाने घरी, आणि कुणीतरी घाईत नेमकं तपासणीचं यंत्र उचलून नेलं. उमेदवार उभे होते दोन. निवडून आला तिसराच. अप्पा, साडेतीन हजार मतं. गावात मतदार नऊशे.

निवडणूक अधिकारी म्हणाले, "यंत्र चुकत नाही. मतदार मोजण्यात चूक झाली असेल." उरलेले मतदार शोधायला त्यांनी दोन कारकून पाठवले. ते बिचारे लोकांच्या माळ्यांवर आणि गोदामांत डोकावत फिरले. पडलेले सरपंच हार घेऊन आमच्याकडे आले आणि म्हणाले, "लाट आहे हे मला आधीच जाणवलं होतं."

आणि अप्पा? आई गेल्यापासून ते भिंतीकडे तोंड करून बसायचे, दाढी करा म्हणून तीनतीनदा सांगावं लागायचं. आता ते सकाळीच दाढी करून, जुना कोट इस्त्री करून दारात उभे असायचे. ते पाहून मला रडू यायचं.

"खरं सांगितलं तर माझी नोकरी जाईल," नवरा म्हणाला. "आणि अप्पा पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसतील."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर ते गाव चालवतील."

आम्ही दोघंही घाबरलो.

शेवटी अप्पांनीच विषय काढला. कोट घालूनच ते आमच्या घरी आले, खुर्चीत बसले. "गावातल्या अर्ध्या लोकांना मी नापास केलंय, उरलेल्यांना छड्या मारल्यात. मला मतं दिली कुणी?"

मी तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला. "तू थांब. मी यांना विचारतोय."

"मी दिली," नवरा म्हणाला.

"सगळी?"

"सगळी. आठ वर्षांत."

पुढे हा कारणही सांगून बसेल, म्हणून मी टेबलाखाली त्याच्या पायावर पाय दिला. अप्पांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी ते राजीनामा द्यायला गेले. अधिकारी म्हणाले, निकाल यंत्राचा आहे, आणि यंत्राला राजीनाम्याचं बटण नाही. अप्पांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तू तिसऱ्या बाकावरचा ना? हात पुढे कर." अधिकाऱ्यांनी हात पुढे केला. छडीची गरज पडली नाही. यंत्र थकलं होतं, असा शेरा मारून निवडणूक रद्द झाली, आणि पुढची कागदी चिठ्ठ्यांवर ठरली. यंत्राच्या थकव्याबद्दल नवऱ्याला कुणी काही विचारलं नाही.

संध्याकाळी अप्पा आमच्याकडे जेवायला थांबले. कोट खुंटीला टांगला होता. भिंतीकडे त्यांची पाठ होती, एवढं मी पाहून घेतलं.

"तुम्ही उभे असता," जेवताना ते नवऱ्याला म्हणाले, "तर मी तुम्हाला एकही मत दिलं नसतं."

"माहीत आहे, अप्पा."

अप्पांनी आमटी वाढून घेतली. मग म्हणाले, "पंखा जरा कमी करा."

मी सवयीने नवऱ्याकडे वळले. तो आधीच उठला होता.