उतारावरचं सलून

पिकअप घेतली तेव्हा मला कळलं की आपल्याला किती नातेवाईक आहेत. ज्यांनी कधी ओळख दाखवली नव्हती तेही दारात येऊन टायरला हलकी लाथ मारून बघायला लागले. "दणकट आहे हो. ओढत असेल ना चांगली?" असं कोणी म्हणालं की मी समजून जायचो, याचं काहीतरी कुठंतरी अडकलंय.

गाडी काही फार मोठी नाही. मधल्या आकाराची, डिझेलवरची. पुढे दोन आणि मागे दोन माणसं बसतील अशी, त्यामागे उघडा हौदा, आणि हौद्याखाली ओढायचा हुक. त्या हुकाला मी आजवर चुलत्याची नाव, व्याह्यांचा पाण्याचा टँकर, शेजाऱ्याची बंद मोटार, असं काय काय लावून ओढलंय. दाराच्या आतल्या कडेला एक पत्र्याची पट्टी आहे. गाडीने किती वजन ओढावं ते तिच्यावर लिहिलंय. मी अक्षरं उशिरा शिकलो, त्यामुळे बरीच वर्षं ओढून झाल्यावर मी ती पट्टी वाचली. तिच्यावर दोन आकडे आहेत. मागच्या वस्तूला स्वतःचे ब्रेक असतील तर मोठा, नसतील तर छोटा. गाडी विकणाऱ्याने मला फक्त मोठाच वाचून दाखवला होता.

त्या दिवशी ओढायचं होतं ते मेहुण्याचं सलून.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. घरात त्याला बाबूच म्हणतात, डोक्यावर केस उरले नाहीत तरी. त्याचं सलून चाकांवर आहे. चार पत्र्याच्या भिंती, वर छप्पर, मागच्या बाजूला दार, पुढे जोडायची दांडी. खाली दोन चाकं, त्यांना ब्रेक नाहीत. बाजारात जिथं ते उभं असायचं ती जागा मालकाला बांधकामासाठी हवी झाली. डोंगरापलीकडच्या कापड गिरणीच्या मुकादमाने बाबूला फाटकाजवळ, दोन भिंतींमधली एक जागा देऊ केली होती. अट एकच. संध्याकाळी पाळी सुटल्याचा भोंगा व्हायच्या आत दुकान तिथं उभं दिसलं पाहिजे. नाहीतर दुसरा एक कारागीर त्याच जागेवर डोळा ठेवून होता. बाबूकडे दुसरी जागा नव्हती. ही गेली तर सलून आमच्या अंगणात येणार, आणि अंगणात गिऱ्हाईक येत नाही, हे बाबू, मी आणि बायको, तिघांनाही ठाऊक होतं.

"दाजी, तुमच्याशिवाय कोण आहे मला?" तो म्हणाला.

"माझ्याशिवाय का, माझ्या हुकाशिवाय म्हण."

"तेच ते. हुक कुठं तुमच्याशिवाय येतोय?"

सकाळी मी त्याला सामान कसं लावायचं ते दाखवलं. सलूनमध्ये खरं जड म्हणजे दोन खुर्च्या. जुन्या, बिडाच्या, एक हलवायला दोन माणसं लागतात. त्या मी चाकांच्या पुढे, दांडीच्या बाजूला घेतल्या. ओढायच्या गाडीत वजन पुढे लागतं. नाक थोडं जड असलं तर गाडी मागून निमूट येते. नाक हलकं आणि शेपूट जड झालं की उतारावर ती आपलं डोकं चालवायला लागते. मी दांडी हाताने उचलून पाहिली. जेवढी जड लागायला हवी तेवढी लागली. मग ती हुकावर बसवली, साखळी लावली, मागच्या दिव्यांची वायर जोडली आणि टायरमध्ये हवा भरायला पंप आणायला शेजारी गेलो. तिथं चहा आला. कंबर दुखत होती, म्हणून जरा जास्तच बसलो.

परत आलो तेव्हा सलूनचं दार बंद होतं आणि बाबू पुढच्या सीटवर पट्टा लावून बसला होता. बायको मागच्या सीटवर, मांडीवर डबा.

"लवकर चला, दाजी. भोंगा कोणासाठी थांबत नाही."

चढ निमूट गेला. दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिन घोगरं ओरडत, मागे गाड्यांची रांग, त्यांचे हॉर्न. जागा मिळेल तिथं मी बाजूला घेऊन त्यांना सोडत होतो. इंजिनाचा काटा गरमकडे सरकला तेव्हा थांबलो, बॉनेट उघडं ठेवून वाऱ्यावर उभं राहिलो.

"आपण चालत आलो असतो तर पोचलो असतो," बाबू म्हणाला.

"मग सलून डोक्यावर घे आणि हो पुढं," मागून त्याची बहीण म्हणाली. "सकाळपासून यांचं जेवण झालेलं नाही, आणि तुला बोलायला सुचतंय."

मी बॉनेट लावलं आणि पुन्हा निघालो. मला गाडीचं बूड जरा हलकं वाटत होतं, पण मी ते थकव्यावर ढकललं. थकलेल्या माणसाला सगळंच एकतर जड वाटतं नाहीतर हलकं.

माथा ओलांडला आणि उतार लागला. पहिलं वळण गेलं. दुसऱ्यानंतर रस्ता सरळ खाली जातो. तिथं मागून कोणीतरी सदऱ्याचं टोक धरून ओढावं तसं वाटलं, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मग आणखी जोरात. बाजूच्या आरशात सलून एकदा पूर्ण दिसायचं, एकदा गायब व्हायचं. हौदा हलायला लागला, मग सीट. बायकोच्या मांडीवरचा डबा खाली पडून सीटखाली घरंगळला.

"ब्रेक! दाजी, ब्रेक मारा!"

ब्रेक मारला असता तर मागचं धूड आम्हाला आडवं करून दरीकडे घेऊन गेलं असतं. मी एक्सलेटरवरचा पाय काढला आणि स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरलं. फक्त धरून ठेवलं. सलूनच्या प्रत्येक झोक्याला उत्तर द्यायचं नाही, हे सगळ्यात अवघड असतं. बाबू ओरडत होता, बायको अजिबात ओरडत नव्हती. हळूहळू झोके आखडले, गाडी मंदावली, आणि रस्ता रुंद होता तिथं मी ती कडेला लावली. हात स्टिअरिंगवरून सुटेनात.

खाली उतरून मी सलूनचं दार उघडलं. दोन्ही खुर्च्या दारालाच टेकून उभ्या होत्या.

"या इथं कशा आल्या?"

बाबू जमिनीकडे बघत होता.

"मी तुला काय सांगितलं होतं? पुढे. दांडीकडे."

"पुढच्या भिंतीला आरसा आहे, दाजी."

"मग?"

"खुर्ची सरकली असती तर आरसा फुटला असता ना. म्हणून तुम्ही चहाला गेलात तेव्हा गल्लीतली दोन माणसं बोलावून मागे घेतल्या. तेवढंच तर केलं."

मला हसावं की रडावं कळेना. आम्ही तिघं दरीत गेलो असतो आणि आरसा मात्र शाबूत राहिला असता. "बाबू," मी म्हणालो, "खुर्च्या पुढे घे. आरसा फुटला तर फुटला."

"तसं म्हणू नका!" तो खरंच घाबरला. "खुर्ची नसली तर माणूस स्टुलावर बसतो. पाणी गार असलं तर चालवून घेतो. आरसा नसला तर उठून जातो. कात्री धरायला लागल्यापासून बघतोय मी. आपलं तोंड दिसल्याशिवाय कोणी मान पुढं करत नाही."

"तोंड दिसायला मान जागेवर लागते."

"मग मी हौद्यात आरसा धरून बसतो."

"आणि पडलास तर तुझ्या बहिणीला काय सांगू? ती इथंच बसली आहे."

बायको तोवर रस्त्याकडेच्या दगडावर बसून दोघांकडे आळीपाळीने बघत होती. उठली. "पुरे झालं. आरसा काढून हौद्यात उभा करा. खुर्च्या पुढे घ्या. आणि बाबू, आता एक शब्द बोललास तर तुलाही हौद्यात घालीन, आडवा."

आरसा काढायला वेळ लागला. स्क्रू गंजलेले, पेचकस लहान. एकेक स्क्रू सुटताना बाबू खाली रस्त्याकडे बघायचा, जणू भोंगा तिथून चालत येणार होता. आरसा निघाला तेव्हा त्याच्या मागची भिंत नवी कोरी निघाली, बाकी सगळी भिंत वाफेने पिवळी पडलेली. आम्ही तो हौद्यात केबिनला टेकवून उभा केला. मागे गादी, बाजूला गोधड्या, वरून दोरी. दगड उडून चरा पडू नये म्हणून काचेची बाजू बाबूने आमच्याकडे केली. मग खुर्च्या. तिघांनी मिळून त्या इंच इंच पुढे सरकवल्या आणि जमिनीतल्या कड्यांना बांधल्या. दुसरी सरकवताना माझ्या कमरेत उसण भरली, आणि मी तसाच वाकून राहिलो.

"सरळ होता येईल का?" बायकोने विचारलं.

"चालवायला वाकलेलाच लागतो."

बाहेर येऊन पाहिलं. पिकअपचं बूड आता हवं तेवढं खाली बसलं होतं. उरलेला उतार मी दुसऱ्या गिअरमध्ये उतरवला आणि सलून पाळलेल्या जनावरासारखं मागे आलं. समोरच्या छोट्या आरशात मला एरवी सलूनचं तोंड दिसायचं. आता मागच्या काचेतून मोठ्या आरशात माझंच तोंड दिसत होतं. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. वळणं संपेपर्यंत त्या म्हाताऱ्याची सोबत झाली. मधेच पलीकडून भोंगा ऐकू आला. लांबलचक. बाबूने डोळे मिटले.

फाटकाशी पोचलो तेव्हा माणसं बाहेर पडत होती. जागा रिकामी होती, पण मुकादम नव्हता. फाटकावरच्या पहारेकऱ्याने हात हलवला.

"गेले ते. भोंग्यापर्यंत थांबले, मग गेले. त्या दुसऱ्याला निरोप धाडलाय, तो उद्या सकाळी येतोय."

"म्हणजे आम्ही परत जायचं?" बाबूने विचारलं.

पहारेकऱ्याने सलूनकडे पाहिलं, मग माझ्या वाकलेल्या पाठीकडे. "मुकादमांचं असं आहे," तो हळू म्हणाला, "रिकामी जागा ते कोणालाही देतील. पण चालतं दुकान त्यांनी उठवलेलं मी बघितलेलं नाही. कामगार ओरडतात. काय ते तुमचं तुम्ही बघा. मी चहा घ्यायला आत चाललोय."

जागा दोन भिंतींच्या मधली, अरुंद. मागे घ्यायचं म्हणजे स्टिअरिंग उलटं फिरवायचं, आणि माझी मान वळेना. दहा माणसं जमली आणि उंटावरून शेळ्या हाकायला लागली. "डावीकडे! नाही, उजवीकडे! आता सोडा!" दुसऱ्या खेपेला सलून तिरकं झालं, तिसऱ्या खेपेला आणखी तिरकं. मी इंजिन बंद केलं आणि डोकं स्टिअरिंगवर टेकलं.

"नाही जमत," मी म्हणालो. आयुष्यात हे पहिल्यांदाच गाडीत बसून म्हणालो असेन.

बायको उतरली. गर्दीकडे वळून म्हणाली, "तोंडं चालवताय तेवढे हात चालवा की. सुटं करून देतो, ढकला."

ती हसली, तशी माणसंही हसली. दांडी हुकावरून काढली आणि दिवसभर मागांवर उभी राहिलेली ती माणसं सलूनला खांदे लावून उभी राहिली. एका दमात ते जागेवर गेलं. बाबूने चाकांना दगड लावले, दार उघडलं, दिवा लावला, खुर्च्या जागेवर आणवल्या.

ढकलणाऱ्यांपैकीच एक थोराड माणूस विचारता न विचारता खुर्चीत बसला. केसांवर, भुवयांवर कापसाचे तंतू.

"थांबा हो," बाबू गडबडला. "आधी आरसा लावतो. अजून आरसा..."

"राहू दे तो आरसा. दिवसभराचं थकलेलं तोंड काय बघायचं? दाढी कर तू, मी जरा डोळे मिटतो."

बाबू हातात वस्तरा घेऊन क्षणभर तसाच उभा राहिला. मग त्याने साबणाला फेस आणला. दारात आणखी दोघं येऊन टेकले. एकाने विचारलं, "रोज असता का इथं?"

"रोज," बाबू म्हणाला. आमच्याकडे बघितलं नाही.

आम्ही निघालो. बायको आता पुढे बसली. सीटखालचा डबा शोधून तिने मला घास भरवला, कारण माझे हात स्टिअरिंगवर होते आणि तिला ते सोडवायचे नव्हते. रिकाम्या हुकाची साखळी मागे खडखडत होती. अर्धा चढ गेल्यावर मी सवयीने छोट्या आरशात पाहिलं, आणि तोच दाढी वाढलेला म्हातारा माझ्याकडे बघत होता.

"अगं," मी म्हणालो, "आरसा हौद्यातच राहिला."

तिने वळून पाहिलं.

"फिरवायची का गाडी?" मी विचारलं. विचारतानाच कंबर ओरडली.

तिने पर्समधून मोबाईल काढला, बघितला. "त्याचा फोन नाही आला."

"म्हणजे त्याला आठवलंच नाही."

"म्हणजे गिऱ्हाईक आहे," ती म्हणाली. मोबाईल दोघांच्या मधे, सीटवर ठेवला, आणि डोकं खिडकीला टेकवलं. मी गिअर बदलला आणि चढतच राहिलो.